गुडघा फिरत नाही. आणि बिजागरीची व्युत्पत्ती

व्यायामात दिली जाणारी ‘गुडघे गोल फिरवा’ ही सूचना मराठी म्हणून बरोबर आहे का, आणि गुडघ्याला ‘बिजागरीचा सांधा’ म्हणतात त्यातली बिजागरी मूळची कुठली, असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत. सूचना चुकीची आहे, आणि ती इतक्यांदा कानी पडते की तिचा आता त्रास होतो. गुडघा वाकतो आणि सरळ होतो; फिरतो तो खांदा, वळते ती मान. पाय ताठ असताना गुडघ्याला फिरायला जवळजवळ वाव नसतो, वाकल्यावर थोडा मिळतो, आणि उभ्याने गुडघ्यांची वर्तुळे काढणारा माणूस मुख्यतः खुबा आणि घोटा हलवत असतो. ‘मनगट फिरवून तळहात पालथा करा’ हेही तसेच सैल बोलणे आहे, कारण तेव्हा कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून तिरपे जाते आणि मनगट केवळ त्याच्याबरोबर जाते.

बिजागरी हा शब्द पोर्तुगीज ‘बिसाग्रा’वरून आला, त्याचा अर्थही हाच. ‘बीज’ अधिक ‘अग्र’ अशी फोड करून त्याला संस्कृत ठरवणाऱ्यांनी बीजाच्या टोकाचा दाराच्या उघडझापीशी काय संबंध, हे आधी सांगावे. चावी आणि बादली ज्या वाटेने मराठीत आल्या, त्याच वाटेने बिजागरी आली, यात कमीपणा कसला?

नवलाची गोष्ट अशी की गुडघ्याच्या या रचनेला जुने नाव होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 210 सांधे मोजून त्यांचे आठ प्रकार केले आहेत, आणि गुडघा, कोपर, घोटा, मनगट व बोटे यांचे सांधे ‘कोर’ या प्रकारात घातले आहेत. हे नाव मराठीत रुळले नाही. खांदा आणि खुबा ज्यात घातले त्या प्रकाराचे ‘उलूखल’ हे नाव मात्र झिजून ‘उखळ’ झाले आणि ‘उखळीचा सांधा’ या नावात अजून नांदते आहे. हे ‘बॉल अँड सॉकेट’ या इंग्रजी नावाचे भाषांतर आहे, असे म्हणणे मला मुळीच मान्य नाही: इंग्रजी नावात गोळा आणि खोबण दोन्ही आहेत, आपल्या नावात गोळ्याचा मागमूसही नाही. माझ्या मते हे नाव आकारापेक्षा हालचालीवरून पडले आहे. मुसळाचे एक टोक उखळात राहते आणि दुसरे चहूकडे कलू शकते. मांडीचे हाडही खुब्यात तसेच हलते. सुश्रुताने न हलणारे दातही याच प्रकारात घातले, हा आक्षेप वजनदार आहे. तरीही प्रकार सांगण्याआधी त्याच अध्यायात सांध्यांची ‘चेष्टावंत’ म्हणजे हलणारे आणि ‘स्थिर’ अशी वाटणी केलेली आहे, म्हणजे हालचाल ही तिथली पहिली कसोटी आहे, आणि दात केवळ खोबणीच्या साम्यामुळे मागाहून या प्रकारात आले असावेत.