दोन विटा आणि सुतळी

अनेक आशीर्वाद.

बीएमडब्ल्यूची एम-टू, पोर्शची जुनी केमन की फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, रोज ऑफिसला कोणती गाडी न्यावी असं विचारलंस आणि सोबत शून्यावरून ताशी शंभरचा वेग गाठायला किती वेळ लागतो त्याचे आकडे पाठवलेस, तेही सेकंदाच्या दशांशापर्यंत. ते आधी बाजूला ठेव. कोथरूडहून हिंजवडीला निघालेल्या माणसाला सकाळी नऊ वाजता शून्य ते शंभर कुठे करायचंय? शून्य ते वीस, परत शून्य.

त्यापेक्षा एक काम कर. तुमच्या बेसमेंटचा रॅम्प वर येऊन जिथे सपाट होतो, तिथे दोन विटा कडेवर उभ्या कर. अंतर नऊ फूट, उंचवटा बरोबर मध्ये. दोन्हींच्या डोक्यावरून सुतळी ताणून धर. अशी वीट भरते साडेचार इंच, आणि या जातीच्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण तेवढंच वर असतं. नऊ फूट म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. सुतळी मध्ये टेकली की समज, गाडीही टेकणार. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरही हेच करून बघ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच आणि तब्बल 3.7 मीटर रुंद, गोलसर असायला हवा. तुमच्या गल्लीतला मी पाहिलाय. उरलेल्या डांबराचा ढीग आहे नुसता.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळिशीत हौसेनं एक जुनी दोन सीटची उघडी गाडी घेतली होती. तिसऱ्याच आठवड्यात एका सोसायटीच्या गेटवर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, जमिनीला लागला. आवाज असा फार नाही, टरबुजावर टिचकी मारावी तसा. पन्नास मीटरवर ऑइलचा दिवा लागला, मी इंजिन बंद केलं आणि आरशात पाहिलं तर मागे रस्त्यावर काळी रेघ. साधी टोइंग व्हॅन उचलायला गेली तर पुढचा बंपर आधी निघाला असता, म्हणून फ्लॅटबेड येईपर्यंत चार तास फुटपाथवर बसलो. काकूने त्या गाडीचा विषय नंतर कधी काढला नाही, हे जास्त लागलं.

आता टायर. एम-टूला पुढे 275/35 आर 19, मागे 285/30 आर 20. तिरक्या रेघेनंतरचा आकडा टक्के असतो: 285 मिलिमीटर रुंदीचे 30 टक्के म्हणजे साडेपंच्याऐंशी मिलिमीटर. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये एवढंच रबर, चार बोटं. बावधनच्या पावसाळ्यात त्याला फुगा यायला एक संध्याकाळ पुरते. पुढचे-मागचे टायर वेगळे, त्यामुळे अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही, आणि स्टेपनी नाही. इंजिन मात्र लाजवाब, सरळ सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअरही मिळतो. पण एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची आणि घाटात साठची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच तुझा कायदा संपतो, आणि वाकडच्या रांगेत डावा गुडघा.

केमन माझ्या मनातली गाडी आहे, लपवत नाही. इंजिन पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे, म्हणून वळणावर ती जी टपकन फिरते तसं बाकीच्या दोघींना जमणार नाही. पुढे-मागे दोन डिक्क्या आहेत, सामानाची चिंता नको. पण सीटा दोनच. आईबाबांना स्टेशनवर आणायला गेलीस तर एक जण रिक्षाने. घरात पावसाळ्यासाठी दुसरी गाडी असेल तरच तिचा विचार कर, आणि तिच्या 718 या अलीकडच्या पिढीचं उत्पादन 2025 मध्ये थांबलंय हेही लक्षात ठेव.

माझं मत जीटीआय. तोंड वाकडं करू नकोस. दोन लिटर टर्बो, 265 पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच, पाच माणसं, डिक्कीत भाजी. 1976 मध्ये पहिली आली तेव्हा 110 हॉर्सपॉवरची होती आणि तेवढ्यावर लोक वेडे झाले होते, कारण हलक्या गाडीची मजा साठच्या वेगातही मिळते. ताम्हिणीत पहाटे सहाला नेशील तेव्हा कळेल. भारतात 2025 मध्ये पहिली खेप 150चीच आली, तेव्हा कमी चाललेली जुनी मिळते का शोध. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्ट घे; साचलेलं पाणी एअर इनटेकमधून आत ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. आणि नवीनच घेणार असशील तर टॅक्स वाचवायला कंपनीच्या नावावर घेऊ असं तुझा मित्र सांगतोय, त्याला विचार: महाराष्ट्रात कंपनीच्या नावाला रोड टॅक्स 20 टक्के लागतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या रस्त्यावर घेऊ नकोस. सकाळी साडेआठला, तुझ्याच रस्त्याने, लॅपटॉपची बॅग आणि डबा घेऊन. एसी कसा चालतो, मान अवघडते का, बसच्या शेजारी मागचं काही दिसतं का, ते बघ.

रविवारी मी येतोच आहे. सुतळी आणतो, विटा तुमच्या वॉचमनकडे असतील.

तुझा,
काका