जर्मनीला मास्टर्ससाठी जायचंय? नावापासून सुरुवात कर

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असशील तर आधी मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेव. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग तुझं, वडिलांचं आणि आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं आणि तुझ्या नावात आईचं नाव नसतं. स्पेलिंगमध्येही फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घे. अर्ज गेल्यावर हे निस्तरणं फार जिवावर येतं.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन दूतावासाच्या केंद्राने केलेली पडताळणी, नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे. त्याशिवाय व्हिसा नाही, म्हणून ते शेवटाला ठेवू नकोस.

आता गुण. जर्मन ग्रेड अशी काढ: कमाल गुणांतून तुझे वजा कर, कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भाग, तीनने गुणाकार कर, एक मिळव. 10 पैकी 8.2 आणि उत्तीर्णतेची रेघ 4 असेल तर 1.9 येतं, रेघ 5 धरलीस तर 2.08. जर्मनीत आकडा जितका कमी तितकी ग्रेड चांगली, त्यामुळे कोर्सची अट 2.0 असली की इथेच गडबड होते. तेव्हा किमान गुण अंदाजाने धरू नकोस, मार्कशीटच्या मागची ग्रेडिंग पद्धत बघ.

अभ्यासक्रमाची पीडीएफ सेमिस्टरवार जपून ठेव, आणि तुझ्याच स्कीमची, म्हणजे तुझ्या बॅचला लागू असलेल्या अभ्यासक्रमाची. मेकॅनिक्स, गणित यांचे क्रेडिट पुरेसे आहेत का, हे विद्यापीठं त्यावरूनच तपासतात. चांगला सीजीपीए असूनही नकार येतो तो बहुधा या तपासणीत.

ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधी भरून ठेवायच्या आणि दरमहा थोडे पैसे मिळणाऱ्या खात्याला, वर्षाचे 11,904 युरो लागतात. शैक्षणिक कर्ज काढणार असशील तर ही रक्कम फीपेक्षा वेगळी मंजूर करून घे.