चेंडू सुटण्याआधीचं बघ

कोलंबस, ओहायो
फेब्रुवारी, दुसरा आठवडा

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलमधल्या त्या क्वार्टरबॅकवरचा, म्हणजे पास फेकून डाव चालवणाऱ्या कॉलेजच्या मुलावरचा, तुझा पहिला रिपोर्ट काल जेवण झाल्यावर वाचायला घेतला आणि साडेअकराला तिसऱ्यांदा वाचून संपवला. आकडे चोख आहेत. पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकलीस ते वाया गेलेलं नाही. पण तीन पानं वाचूनही तो मुलगा खेळतो कसा, ते मला कळलं नाही. 'दमदार हात, नेतृत्वगुण, दबावाखाली शांत.' अगं, ड्राफ्टला, म्हणजे एनएफएलचे व्यावसायिक संघ फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजातले खेळाडू निवडतात त्याला, उभ्या राहिलेल्या प्रत्येक क्वार्टरबॅकबद्दल हे लिहिलेलं असतं. स्थळांच्या जाहिरातीत 'सुस्वरूप, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष' असतं ना, तसं. वाचून कोणी डोळ्यांसमोर उभं राहतं का?

स्काउटिंगच्या, म्हणजे खेळाडू पारखण्याच्या, खोलीत तू सगळ्यांत धाकटी. तिथे तुला कोणी हे तोंडावर सांगणार नाही. तुझे आकडे उचलतील आणि बाकीचं बाजूला ठेवतील. मी नोकरी सांभाळून वीसेक वर्षं एका छोट्या स्काउटिंग सेवेसाठी टेप बघून रिपोर्ट लिहिले. त्यातले किती चुकले ते माझं मला माहीत. म्हणून बोलायचा हक्क घेतो.

मूळ अडचण अशी आहे की कॉलेजात मुलगा जो पेपर सोडवतो, तो एनएफएलचा पेपरच नसतो. कॉलेजात पुष्कळ संघांचे क्वार्टरबॅक स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे हातात येऊन खेळी सुरू व्हायच्या आधी, साइडलाइनकडे बघतात, प्रशिक्षक तिथून बचाव वाचून देतो, आणि मुलाला एका बचावपटूकडे बघून 'हा किंवा तो' एवढंच ठरवायचं असतं. त्यात मैदानाची गंमत. कॉलेजात दोन हॅशमधलं, म्हणजे जिथून खेळी सुरू होते त्या खुणांच्या दोन रांगांमधलं, अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू एका कडेला लागला की दुसऱ्या बाजूला मोकळं रान पडतं आणि रिसीव्हरला, म्हणजे पास पकडणाऱ्याला, तिथे धावायला जागा मिळते. एनएफएलच्या रविवारच्या खेळात चेंडू जवळपास मधोमधच असतो, ते रान मिळत नाही. शिवाय मोठ्या कॉलेजाची लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची रांग, धिप्पाड आणि समोर पाहुणा संघ दुबळा. मुलगा पॉकेटमध्ये, म्हणजे त्या रांगेमागच्या आडोशात, चहा पिऊन पास टाकू शकतो.

तेव्हा तुझ्या रिपोर्टातले ते पकडल्या गेलेल्या पासांचे ७० टक्के सोप्या पेपरातले आहेत, हे आधी कबूल करू. मग काम काय उरतं? एका मोसमात मुलाचे चारेकशे पास असतात. त्यात एनएफएलचा प्रश्न चुकूनमाकून विचारला गेला, असे माझ्या अनुभवात तीसचाळीस निघतात. तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आणि आठ यार्ड बाकी. पहिला रिसीव्हर झाकलेला. अनपेक्षित कोपऱ्यातून ब्लिट्झ, म्हणजे जादा बचावपटूंची चाल. आधीच्याच खेळीत सपाटून आपटलेला. संघ मागे, घड्याळ पळतंय. तेवढे वेचून काढ, एका फाइलमध्ये लाव, आणि मग बघायला बस. बाकीच्या साडेतीनशेंवर उगाच रात्री घालवू नकोस.

सी. जे. स्ट्राउडचं उदाहरण देतो, कारण तो आमच्या गावात खेळला. दोन मोसम मी त्याला इथे ओहायो स्टेटकडून बघत होतो. पास नितळ, पण समोर भिंतीसारखी लाइन आणि हाताशी एकाहून एक रिसीव्हर. स्वतःच्या पायांनी काही करतो का, याचं उत्तर टेपवर मिळतच नव्हतं, कारण तशी वेळच येत नव्हती. मग ३१ डिसेंबर २०२२ ला अटलांटात पीच बोल, म्हणजे मोसमाअखेरचा मोठा सामना, समोर गतविजेता जॉर्जिया. मधोमध त्यांचा बचावपटू जालेन कार्टर, जो चार महिन्यांनी पहिल्या फेरीत ९ व्या क्रमांकावर गेला. त्या रात्री पॉकेट टिकेना. स्ट्राउड जागा सोडत होता, बाजूला सरकत होता, पण सरकताना नजर खाली, अंगावर येणाऱ्यांकडे जात नव्हती. ती वर, रिसीव्हरवर. तिसऱ्या सत्रात त्याचा रिसीव्हर मार्विन हॅरिसन ज्युनिअर जखमी होऊन बाहेर गेला तरीही. ३४ पैकी २३ पास, ३४८ यार्ड, ४ टचडाउन, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात. शेवटच्या मिनिटात स्वतः धावून संघाला किकच्या टप्प्यात आणलं. किक चुकली, सामना ४२–४१ ने गेला. गावात नव्या वर्षाचे फटाके वाजले नाहीत म्हण ना. पण मी त्या रात्री वही काढली आणि दोन वर्षांत लिहिता न आलेलं पान लिहिलं.

पुढे एप्रिलमध्ये त्याच्या एका बौद्धिक चाचणीचे कमी गुण बाहेर फुटले आणि तो क्वार्टरबॅक म्हणून चालणार नाही अशी कुजबुज सुरू झाली. ह्यूस्टनने २ ऱ्या क्रमांकावर घेतला. पहिल्याच मोसमात ४,१०८ यार्ड, २३ टचडाउन, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पळवलेले पास, फक्त ५. चाचणी संगणकापुढे बसून देतात. कार्टर तिथे नसतो.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुला धीर येईल. २२ ऑक्टोबर २०१६, लबक, टेक्सस टेक विरुद्ध ओक्लाहोमा. ६६–५९. दोन्ही संघांचे प्रत्येकी ८५४ यार्ड. टेक्सस टेकच्या, पुढे एनएफएल गाजवलेल्या, पॅट्रिक मोहोम्सने ८८ पास टाकले आणि ७३४ यार्ड काढले. मी तो सामना बघून हसलो. बचाव कुठे होता? चाळणी होती नुसती. रिपोर्टात लिहिलं, 'आकडे फुगलेले, पद्धत बेशिस्त, तिसरी फेरी.' आकडे फुगलेले होते यात मी चुकलो नव्हतो. चूक ही झाली की आकड्यांबरोबर मी खेळीसुद्धा केरात टाकल्या. त्याच्या स्वतःच्या संघाला बचाव माहीत नव्हता. प्रत्येक वेळी मैदानात उतरताना त्याला टचडाउन आणणं भाग होतं, आणि पॉकेट मोडलं की तो तिरका पळत, एका पायावर, खांदा वळवून बरोबर जागी चेंडू पोचवत होता. अवघड प्रश्न त्याला हप्त्याहप्त्याला पडत होता आणि तो सोडवत होता. फक्त अक्षर वाईट म्हणून मी गुण कापले.

त्याच वर्षी मला मिचेल ट्रबिस्की आवडला होता. नीटनेटका, टापटीप, नॉर्थ कॅरोलायनाकडून ३० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. सुरुवातीपासून खेळलेले सामने मात्र फक्त १३. तेरा सामन्यांत अवघड प्रश्न किती पडणार? मी 'अननुभवी' असं लिहून पुढे गेलो. 'मला माहीत नाही' असं लिहायला हवं होतं. शिकागोने त्याच्यासाठी ड्राफ्टमध्ये ३ वरून २ वर उडी मारली, आणि तो अपेक्षेइतका चालला नाही. कॅन्सस सिटीने मोहोम्ससाठी २७ वरून १० वर. माझा तो रिपोर्ट अजून ड्रॉवरमध्ये आहे. येशील तेव्हा दाखवीन, पण फोटो काढायचा नाही.

उलट ब्रॉक पर्डी बघ. आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळला, उंची बेताची, हात बेताचा. २०२२ मध्ये ड्राफ्टमध्ये अगदी शेवटून, २६२ वा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, खेळत होता. त्याच्या टेपवर बरंवाईट सगळं होतं, पण होतं. जुन्या काळी प्रशिक्षक बिल पार्सल्स म्हणायचे की क्वार्टरबॅक तीन वर्षं खेळलेला, पदवी घेतलेला आणि किमान २३ सामने जिंकलेला हवा. लोक त्याला हट्ट म्हणायचे. मला त्यात पेपरांची संख्या दिसते. हल्ली मुलं कॉलेजं बदलतात म्हणून हा हिशेब किचकट झालाय. कॅम वॉर्ड तीन कॉलेजांतून खेळून २०२५ ला पहिला गेला. पण तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांचे पेपर त्याने दिले, हेही आहेच.

बघायचं कसं, ते आता. टीव्हीवरचं चित्र चेंडूमागे पळतं, ते विसर. ऑल-२२, म्हणजे बावीसही खेळाडू दिसणारं चित्रण, लाव, आणि त्यातही एंड झोनमागून घेतलेला कोन. पहिल्यांदा बघताना चेंडू हातातून सुटला की पॉज कर, पुढे काय झालं ते बघूच नकोस. मी स्क्रीनच्या वरच्या भागावर चक्क वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवायचो. काकू वैतागायची. पण पास पकडला गेला हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मागचं सगळं चांगलं वाटायला लागतं, आणि पडला की वाईट.

मग मागे जा आणि पाय बघ. स्नॅप. तीन पावलं मागे, एक छोटी उडी, स्थिर. हेल्मेट डावीकडे: पहिला रिसीव्हर झाकलेला. आता पुढचा अर्धा सेकंद हा तुझा सगळा पगार. चांगल्या मुलाचे पाय हेल्मेटबरोबर वळतात. मधल्या रिसीव्हरकडे नजर जायच्या आत डावं पाऊल तिकडे टेकलेलं असतं. कच्च्या मुलाचं डोकं वळतं आणि पाय डावीकडेच अडकून राहतात, मग तो नुसत्या दंडाने फेकतो. तिसरा एक प्रकार असतो: डोकं वळतच नाही, पहिला झाकलेला दिसला की चेंडू बगलेत मारून पळतो. कॉलेजात त्यावर बारा यार्ड मिळतात आणि टाळ्या पडतात. तू टाळ्या वाजवू नकोस. त्याने किती सॅक खाल्ले, म्हणजे पास सुटायच्या आत किती वेळा पाडला गेला, तेही याच खेळींत मोज. लोक सॅकचं खापर लाइनवर फोडतात. मला ते निम्म्याहून जास्त क्वार्टरबॅकच्या खात्यावर दिसत आलेत, आणि ती खोड वरच्या खेळात सहसा सुटत नाही.

पुढच्या आठवड्यांत इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची सामूहिक तपासणी, आहे. तिथे हात मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. म्हणजे आपली वीत! आणि आपल्याकडे वीत म्हणजे नऊ इंच. २०२० ला जो बरो या क्वार्टरबॅकची वीत बरोब्बर नऊ भरली तर केवढा गोंधळ. त्याने स्वतःच आता निवृत्तच व्हावं म्हणतो, अशी थट्टा केली. त्याआधी एलएसयू कॉलेजाकडून एका मोसमात ६० टचडाउन पास टाकले होते त्याच वितीने. मापं लिहून घे, पण वहीच्या शेवटच्या पानावर. ४० यार्डांची शर्यत? टॉम ब्रेडीला ५.२८ सेकंद लागले होते, १९९ वा गेला, सात सुपर बोल जिंकला. आणि कॉलेजातच भरणारा प्रो डे म्हणजे कांदेपोहेच. पास आधीच ठरलेले, रिसीव्हर ओळखीचे, अंगावर येणारं कोणी नाही. पोहे चांगलेच होणार.

एका गोष्टीबद्दल तुला मुद्दाम सावध करतो, कारण तुमच्या आकडेवाल्यांना तिचा फार राग आहे. जॉश ॲलन. वायोमिंग कॉलेजात ५६ टक्के पास पोचलेले, आणि एवढ्या चुकणाऱ्याची अचूकता पुढे सुधारत नाही, असं सगळे हिशेब सांगत होते. बफेलोने २०१८ ला ७ वा घेतला. पहिल्या वर्षी ५२.८, मग ५८.८, मग ६९.२. हिशेब खोटा नव्हता. हा मुलगा अपवाद निघाला. आता दर वर्षी कुठल्यातरी लांब फेकणाऱ्या, वाटेल तिथे फेकणाऱ्या मुलाला 'पुढचा ॲलन' म्हणून तुझ्या टेबलावर आणून ठेवतील. तेव्हा आकड्यांच्या बाजूने भांड. जोरात भांड.

आणि विशेषणं तपास. हे मी फार उशिरा शिकलो. काळ्या मुलाच्या रिपोर्टात 'चपळ, नैसर्गिक, कच्चा' आणि गोऱ्या मुलाच्या रिपोर्टात 'हुशार, शिस्तीचा' असं किती सहज उतरतं ते स्वतःचे जुने कागद वाचल्यावर कळतं. काळा क्वार्टरबॅक वॉरन मून १९७८ ला ड्राफ्टमध्ये कोणालाच नको होता; कॅनडात जाऊन तिथल्या लीगचे पाच ग्रे कप जिंकला, मग इकडे परत आला, आणि २००६ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. चाळीस वर्षांनी लमार जॅक्सनला रिसीव्हर हो म्हणून सांगणारे होतेच. पहिल्या फेरीचा शेवटचा, ३२ वा गेला. पुढच्याच मोसमात एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, एकमताने. माझ्या रिपोर्टात त्याच्याबद्दल 'पायांवर अवलंबून' असं वाक्य आहे. त्याने लुईव्हिलला पॉकेटमध्ये उभं राहून टाकलेले पास मी मोजलेसुद्धा नव्हते. आपण दोघं इथे बाहेरून आलेले, 'इंडियन म्हणजे गणितात हुशार' हे ऐकून कंटाळलेले. तरी हातून हेच झालं.

तुझे साहेब घाईत असतील, त्याला इलाज नाही. २०१० पर्यंत पहिल्या निवडीचा करार ऐकून मालक दचकायचे. सॅम ब्रॅडफर्डला २०१० मध्ये ५ कोटी डॉलरची हमी होती. नव्या नियमाने पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा सगळा करार मिळून २.२ कोटी. चूक स्वस्त झाली, म्हणून आता सगळे क्वार्टरबॅकवर लवकर हात टाकतात. २०२४ ला पहिल्या १२ निवडींत ६ क्वार्टरबॅक. त्यामुळे 'हा दुसऱ्या फेरीचा आहे' असं तू लिहिलंस तरी तो पहिल्या फेरीत जाईल. मनाला लावून घेऊ नकोस. फक्त त्याला कुठे ठेवलं तर निभेल ते एका ओळीत लिही: मोहोम्स पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, ॲरन रॉजर्स तीन वर्षं बसला. बसवायची तयारी नसलेल्या संघाला ती ओळ नको असते, तरी लिही.

तुझा तो मुलगा मी अजून बघितलेला नाही, आणि तू सांगेपर्यंत बघणार नाही. कम्बाइनला येशील तेव्हा इंडियानापोलिसहून इथे यायला जेमतेम तीन तास. शनिवारी ये. त्याच्या तीसचाळीस खेळी वेचून आण, कॉलेजचं नाव आणि सामन्याचा निकाल झाकून. काकू थालीपीठ करेल. वर्तमानपत्र माझ्याकडे आहे, चिकटपट्टी संपलीय, ती मात्र घेऊन ये.

तुझा,
काका