शिडाच्या बोटीने पॅसिफिकमधल्या एखाद्या दूरच्या बेटावर पोहोचल्यावर सगळ्यात आधी काय करावं लागतं? कसं वाटतं?

सगळ्यात आधी? आम्हाला तर वाट बघत बसावं लागलं. बेट समोर दिसतंय आणि आम्ही रात्रभर बाहेर.

दक्षिण अमेरिकेजवळच्या गॅलापागोस बेटांहून निघून तेविसाव्या दिवशी आम्ही हिवा ओआला पोहोचलो. हे फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपैकी एक. मधलं अंतर साधारण ३००० समुद्री मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर, आणि वाटेत जमिनीचा तुकडा नाही. चाळीस फुटी बोट, चार माणसं. त्यातला मी हौशी खलाशी, मूळचा मुरुडचा. दुपारी ढगाखाली एक काळपट डाग दिसला. तो ढगासारखा विरला नाही, तेव्हा कुठे खात्री पटली. तेमेतिऊ डोंगर १२७६ मीटर उंच, पण माथा ढगात. जवळ जाईपर्यंत सूर्य कलला, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तिन्हीसांज फार वेळ थांबत नाही. अनोळखी खाडीत अंधारात शिरायचं नाही, असं आमच्या कप्तानबाईंनी सांगितलं आणि बोट जागच्या जागी रेंगाळत राहील अशी शिडं लावली. मी मनातल्या मनात चरफडलो.

पण त्या रात्रीनेच मला सगळ्यात जास्त दिलं. पहाटे डोंगरावरून मतलई वारा सुटला. तेवीस दिवस नाकाला मीठ, डिझेल आणि स्वतःचा घाम यापलीकडे काही माहीत नव्हतं. आता लाकडाचा धूर आला, ओली माती आली आणि त्यामागून वाळत घातलेलं खोबरं. हो, खोबरंच! तिथे अजून खोबरं वाळवून विकतात. आजोळच्या माळ्यावरचा वास मला दहा हजार मैलांवर, काळोखात, बेट नीट दिसायच्या आधी भेटला.

सकाळी ताहाउकूच्या खाडीत शिरलो. अतुओना गावाचं बंदर हेच. आखूड बंधारा, गढूळ पाणी, दाटीवाटीने उभ्या बोटी. या बेटांभोवती प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे समुद्राची उसळी थेट आत येते. म्हणून इथे एका नांगरावर भागत नाही. दुसरा मागून टाकतात, बोटीचं तोंड लाटेकडे राहावं म्हणून. तो मागचा नांगर रबरी होडीतून नेऊन टाकायचं काम माझ्याकडे आलं. उत्साहाच्या भरात मी तो शेजाऱ्याच्या साखळीवरच टाकला. शेजारचे आजोबा चड्डीवर डेकवर आले आणि फ्रेंचमध्ये जे बोलले त्याचं भाषांतर कोणाला करावं लागलं नाही. नांगर उचलून पुन्हा टाकेपर्यंत तास गेला. तुम्ही जाल तेव्हा आधी शेजाऱ्याला विचारा, तुमची साखळी कुठे पडली आहे म्हणून.

कागदपत्रांचं थोडक्यात: परवानगी मिळेपर्यंत पिवळा झेंडा चढवून ठेवायचा, मग गावातल्या फ्रेंच पोलिसांकडे नोंद करायची. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रेंच पॉलिनेशियासाठी तो चालेलच असं नाही, वेगळा व्हिसा लागतो का ते निघण्याआधीच बघा. पैसे पॅसिफिक फ्रँकमध्ये.

बंदर ते गाव तीनेक किलोमीटर चाल. ही चाल मात्र विसरणार नाही. रस्ता डुलत होता, आणि मी बेवड्यासारखा पाय फाकवून चालत होतो. वाटेत एका बाईंनी ‘काओहा’, म्हणजे तिथला नमस्कार, म्हणत गाडी थांबवली. आमची अवस्था बघून त्यांना हसू आवरेना. त्यांच्या परसात नीरफणस आणि पपनसं लगडलेली. तिथली पपनसं आपल्यापेक्षा गोड आहेत, हे मुरुडकर असून मान्य करतो. झाडाखाली फळ पडलेलं दिसलं तरी उचलू नका, मालक असतोच; विचारलंत तर पिशवीभर देतात. चित्रकार पॉल गोगँ आणि गायक जाक ब्रेल यांच्या कबरी गावावरच्या टेकडीवर आहेत. लोक मुद्दाम बघायला येतात, मी तिसऱ्या दिवशी गेलो. पहिल्या दिवशी मी ताजा पाव खाऊन झोपलो.

कसं वाटतं, याचं उत्तर देताना मला घड्याळच आठवतं. मनगटावरचं मी मुद्दाम भारताच्या वेळेवर ठेवलं होतं. गॅलापागोसपासून त्याचा मिनिटकाटा बोटीवरच्या घड्याळाशी अर्ध्या तासाने चुकत आलेला. मार्केसासची वेळही आपल्यासारखी अर्ध्या तासाची आहे: ग्रिनिचच्या साडेनऊ तास मागे, म्हणजे आपल्याहून बरोबर पंधरा तास. बोटीवरचं घड्याळ स्थानिक वेळेला लावलं आणि दोन्ही मिनिटकाटे एका जागी आले. सकाळचे आठ वाजले होते. मुरुडला रात्रीचे अकरा. आई जागी असेल म्हणून फोन लावला, तर तिने पहिलं विचारलं, ‘‘जेवलास का?’’