मासा तव्यावर पडायच्या आधी भाव विचारा

प्रश्न : येत्या जुलैत आमच्या लग्नाला ४० वर्षं होतील. लेक मुंबईला असती. ती म्हणती, समुद्राकाठच्या भारी हॉटेलात मासे खायला नेते. तिनं मोबाइलवर मेनू धाडला, तर पापलेट न् खेकड्यापुढं आकडाच नाही, नुसतं 'एपीएस'. आम्ही पैठणची, नाथसागराचे राहू-कटला खाणारी माणसं. चारचौघांत फजिती नको, काय करावं?
– एक वाचक, पैठण

उत्तर : भाऊ, 'एपीएस' म्हणजे 'ॲज पर साइज', जेवढा मासा तेवढे पैसे. माझी फजिती ह्याच तीन अक्षरांनी केली. भाच्यानं रत्नागिरीला खाडीकाठी जेवायला नेलं होतं. मी ऐटीत म्हणाले, "एक खेकडा आणा." आला तो ताट भरून, नांग्या बाहेर! बिल भाच्यानं दिलं, परतताना गाडीत कुणी बोलेना.

मरळ घेताना तुम्ही कल्ला उचलून बघता, काट्यावर नजर ठेवता, घासाघीस करता. तिथं घासाघीस तेवढी सोडा. मासा टेबलापाशी आणून दाखवा म्हणा. डोळे तकतकीत, कल्ले लालभडक हवेत. मग वजन आणि भाव विचारा, वजन साफ करायच्या आधीचं का नंतरचं तेही विचारा. वेटरला ह्याची सवय असते.

घोळ आहे तो जुलैचा. १ जून ते ३१ जुलै आपल्या राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, विणीचा काळ म्हणून. म्हणजे तेव्हाचं पापलेट बहुधा बर्फातलंच. लेकीला म्हणावं, नारळी पौर्णिमा होऊ दे, मग ने. जुलैतच जायचं असेल तर जिवंत दाखवतील तो खेकडा घ्या. तो फोडायला अडकित्त्यासारखा चिमटा देतात, वहिनींना लगेच जमेल. काट्यांची धास्ती नको. राहूचे बारीक काटे निवडणाऱ्याला सुरमईची तुकडी म्हणजे खेळ, मधला एक काटा काढला की झालं.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. ते सक्तीचं नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ सालीच तसं बजावलंय.

काळ्या मसाल्याचा रस्सा मात्र तिथं शोधू नका, आमसूल-खोबऱ्याचाच कारभार. भाकरी मागितली तर तांदळाची येईल. मी ज्वारीच्या दोन फडक्यात बांधून ठेवते, घरी परतल्यावर चटणीशी खायला.