खुबा आधी तपासा, स्नायूंची नावं वर्गाबाहेर ठेवा

तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी वाचून राहवलं नाही. शरीररचनेचा कोर्स करून आल्यावर तुम्ही नाचाच्या वर्गात स्नायूंची नावं घेऊन सूचना द्यायला लागलात आणि मुली सुधारायच्या सोडून आखडल्या, ही एक. दुसरी म्हणजे, ज्या संस्थेच्या परीक्षांना तुम्ही मुली बसवता तिथून उत्तर आलं की ‘विज्ञान थिअरीच्या तासाला घ्या, प्रात्यक्षिकात बदल नकोत’. मी या दोन्हींतून गेले आहे आणि दुसरं प्रकरण मला फार महागात पडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

वॉर्मअप, विश्रांती, दुखलं तर थांबणं हे सगळं तुम्ही करत असणारच, ते सोडून देते. मी नाच शिकवते, फिजिओथेरपिस्ट नाही. खालचं सगळं त्या मर्यादेत वाचा.

पहिल्या गोष्टीचं कारण चांगलं अभ्यासलेलं आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये स्की-सिम्युलेटरवर प्रयोग केले. ज्यांना स्वतःच्या पावलांवर लक्ष द्यायला सांगितलं, त्यांच्यापेक्षा पावलांखालच्या चाकांवर लक्ष देणारे लवकर आणि चांगलं शिकले. त्यानंतर अशा अभ्यासांची रांगच लागली. स्वतःच्या अवयवाकडे लक्ष गेलं की माणूस एरवी आपोआप होणारी हालचाल मुद्दाम आवरायला जातो आणि ती अडखळते. ‘मांडीचे स्नायू आवळा’ म्हटलं की मुलगी श्वास रोखून ताठ उभी राहते. ‘गुडघे दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे जाऊ देत’ म्हटलं की तेच स्नायू कामाला लागतात. उडी शिकवताना माझं एकच वाक्य असतं, ‘आवाज न करता उतरा’. घोटा, गुडघा, खुबा तिन्ही किती वाकायचे ते शरीर स्वतः ठरवतं. दुखापतीनंतरच्या व्यायामात फिजिओथेरपिस्ट एखाद्या स्नायूवर मुद्दाम लक्ष द्यायला लावतात, ते प्रकरण वेगळं. पण रोजच्या वर्गात तुमचं ज्ञान तुमच्या नजरेत असू द्या. कुठे बघायचं आणि कोणतं वाक्य निवडायचं, यासाठी ते वापरा.

एक अपवाद मी करते. मुलींना खुब्याचा सांधा कुठे आहे ते स्वतःच्या शरीरावर शोधायला लावते. बहुतेकींचे हात कमरेच्या बाजूच्या हाडावर जातात. सांधा असतो जांघेच्या घडीच्या साधारण मध्यावर, खोल आत. हे एकदा हाताला कळलं की पाय उचलताना अख्खी कंबर वर खेचणं बरंच कमी होतं. एवढी अ‍ॅनाटॉमी लहान मुलींना पुरते, असं माझं ठाम मत आहे.

आता परीक्षेचं. माझ्या एका वाढत्या वयाच्या विद्यार्थिनीचे गुडघे आतल्या बाजूने दुखायचे. मी तिला पालथं झोपवून, गुडघा काटकोनात वाकवून, कंबर हलू न देता नडगी आतल्या बाजूला किती झुकते ते पाहिलं. अशा स्थितीत नडगी आत झुकते तेव्हा खुबा बाहेरच्या दिशेला फिरत असतो. सर्वसाधारण माणसात हे फिरणं ४० ते ५० अंशांच्या आसपास असतं. तिचं बरंच कमी होतं. मांडीच्या हाडाला स्वतःचा एक पीळ असतो. जन्मतः तो ४० अंशांच्या आसपास असतो आणि मोठेपणी १५च्या आसपास येतो. ज्यांचा जास्त राहतो त्यांचा खुबा आतल्या बाजूला सहज फिरतो, बाहेर कमी. तो पीळ कितीही ताणलं तरी सुटत नाही, कारण तिथे ताणायला स्नायू नसतो, हाड असतं.

अशी मुलगी मोठा टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या दिशेला वळवून उभं राहणं, कुठून आणते? गुडघे वाकवून बसते, पावलं जमिनीवर रोवून बाहेर फिरवते आणि मग गुडघे सरळ करते. वाकलेला गुडघा थोडा फिरू शकतो, सरळ झालेला जवळजवळ नाही. त्यामुळे हा जबरदस्तीचा पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर आणि तळपायाच्या कमानीवर जातो. काही जणी ओटीपोट पुढे झुकवतात, कारण त्यामुळे खुब्यासमोरचा जाड अस्थिबंध सैल पडतो आणि थोडा जास्त कोन मिळतो. किंमत कंबर मोजते. बॅलेचा प्लिए असो की भरतनाट्यमची अरमंडी, दोन्हींत गुडघे बाहेर वळवून खाली बसायचं असतं आणि सांधे तेच असतात.

मी तिचा कोन कमी केला आणि गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायला लावला. दुखणं कमी झालं, नाच स्वच्छ दिसू लागला. परीक्षेच्या गुणतक्त्यात मात्र पावलांच्या कोनाला स्वतंत्र रकाना होता, गुडघ्याच्या रेषेला नव्हता. मी कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यांनी डॉक्टरांचा दाखला मागितला. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं की आजार नाही, हाडांची ठेवण अशी आहे. त्यावर कार्यालय म्हणालं, आजार नाही म्हणजे सवलत नाही. मी म्हटलं, मग निकषच तपासा. तर तो विषय अभ्यासक्रम समितीचा. समितीची बैठक कधी, कोणालाच सांगता येईना. दर वेळी फोनवर नवा माणूस, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. तोवर परीक्षा आली, तिला ‘स्थिती’त कमी गुण पडले, आणि घरी एकटीने सराव करताना ती पुन्हा पावलं रेटून फिरवू लागली. पुढे तिने नाच सोडला. हे आठवलं की मला आजही संताप येतो. एका रकान्याची दुरुस्ती करायची होती. कोणाला अभ्यासक्रमही बदलावा लागला नसता.

तुम्हाला सांगते, एका मुलीसाठी सवलत मागू नका. सवलत म्हटली की दाखला आला आणि दाखल्यासाठी आजार लागतो. अर्ज सगळ्यांसाठी करा: स्थितीचे गुण देताना गुडघा पावलाच्या रेषेत आहे का, कमान टिकली आहे का आणि ओटीपोट सरळ आहे का, हे पाहावं. परीक्षेचे फॉर्म निघण्याआधी लेखी द्या आणि निर्णय कोण घेतं ते पत्रातच विचारा. जमल्यास परीक्षकांशी थेट बोला. बहुतेक परीक्षक स्वतः नाचलेले असतात, त्यांना दोन मिनिटांत कळतं. हा माझा अनुभव झाला. तुमची संस्था कदाचित बरी निघेल.

आणि वेगळा थिअरीचा तास? माझ्या मते त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. हाडांची नावं पाठ होतात आणि उडी तशीच राहते. विज्ञान तासाच्या क्रमातून दिसलं पाहिजे. एकाच जागी मिनिटभराहून जास्त ताणून धरलं तर त्यानंतर काही वेळ स्नायूंचा जोर थोडा घटतो, म्हणून असं ताणणं उड्यांच्या आधी नको, शेवटी घ्या. प्रत्येक चुकीला लगेच टोकू नका. तीन-चार वेळा करू द्या, मग सांगा. सतत सांगितलेलं त्या तासापुरतं सुधारतं, टिकत कमी.

दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजून ठेवा. सरासरीने मुली बाराव्या आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात. त्या काळात तोल बिघडतो, अंग आखडल्यासारखं होतं. आळस म्हणून रागावू नका, उड्या कमी करा. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दुखत असेल तर वाढीच्या जागेवर ताण आलेला असू शकतो, दाखवून घ्या.

याच्या उलट, ज्यांचे सांधे फार लवचिक आहेत त्यांना आपण कौतुकाने आणखी ताणायला लावतो. त्यांना ताकद आणि तोलाचे व्यायाम द्या. सांध्यांची लवचिकता मोजणारी ९ गुणांची बेटन चाचणी फिजिओथेरपिस्ट काही मिनिटांत करून देतात. १९९०मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्सचं शिक्षकांसाठीचं साहित्य इंटरनेटवर मोफत वाचता येतं. टर्नआउटवरचं आधी वाचा आणि अर्जाला त्याची प्रत जोडा.