चौथरा चढण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गावातल्या कुटुंबांसाठी परवडणारी घरे उभारायला वर्षभर राबूनही जागेवर एक वीट दिसत नाही, म्हणून गावात कुजबुज सुरू झाली आहे आणि तुझाही धीर सुटू लागला आहे, हे वाचून वाईट वाटले. पण घराच्या गरजेची पाहणी दारोदार जाऊन पूर्ण झाली आहे, विश्वस्त संस्थेची नोंदणी झाली आहे आणि जमीनमालक परवडेल अशा दरात जमीन द्यायला राजी आहे. माझ्या हिशेबाने काम अर्ध्यावर आले आहे, आणि हे तू गावाला दर महिन्याला सांगत राहिले पाहिजेस.

एक काम मात्र मागे पडले आहे. घर कोणाला मिळणार आणि पुढे विकायचे झाल्यास कोणत्या दराने, हे नियम अजून कागदावर आलेले नाहीत. आमच्या पहिल्या प्रकल्पात आम्ही ते ‘नंतर पाहू’ म्हणून सोडले. घरे बांधून झाल्यावर नियम ठरवायला बसलो, तेव्हा प्रत्येक कलमामागे कोणाचा ना कोणाचा चेहरा दिसू लागला, बैठका तुटल्या, आणि पुनर्विक्रीची अट राहूनच गेली. पुढे एका कुटुंबाने गाव सोडताना घर बाजारभावाने विकले आणि ते केवळ सुट्टीपुरते येणाऱ्याच्या हाती गेले. त्या कुटुंबाचे काही चुकले नव्हते. त्यांना अडवणारी ओळ आम्ही लिहिलीच नव्हती. म्हणून जमीन कायम संस्थेकडे ठेव, घर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दे, विक्रीची किंमत स्थानिक उत्पन्नाशी जोडणारे सूत्र पट्ट्यातच घाल, आणि अर्ज मागवण्यापूर्वी ते सारे भर बैठकीत वाचून दाखव.

जमीन समाजाची आणि घर कुटुंबाचे, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. विनोबांच्या 1951 च्या भूदानातून ग्रामदान, म्हणजे जमीन साऱ्या गावाच्या मालकीची करणे, निघाले, आणि त्या विचाराचा धागा 1969 मध्ये अमेरिकेतील जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या ‘न्यू कम्युनिटीज’पर्यंत पोहोचतो. या संस्थेने सुमारे 5,700 एकर जमीन घेतली होती. दुष्काळ आणि वेळेवर न मिळालेली मदत यांमुळे कर्ज वाढत गेले आणि 1985 मध्ये ती जमीन हातची गेली. तेव्हा बांधकामासाठी कर्ज काढताना बोजा घरावर आणि पट्ट्याच्या हक्कावर राहील, संस्थेच्या जमिनीवर नाही, एवढे वकिलाकडून पक्के करून घे. आणखी एक, घरांचे सांडपाणी मुरवणाऱ्या शोषखड्ड्याच्या जागी जमिनीत पाणी किती जिरते, याची चाचणी ओल्या हंगामातही करून घे.

आखणीच्या दिवशी साऱ्यांना बोलाव. फक्कीने आखलेल्या खोल्या फार लहान दिसतात आणि भिंती चढल्यावर त्याच मोठ्या वाटतात, हे आधीच सांगून ठेव, नाहीतर लोक हिरमुसतात. आमच्या आखणीला एक वृद्ध बाई काठी टेकत रेषांच्या आत शिरल्या, न्हाणीघराच्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “मला धरून आत नेणारी बाजूला कशी मावेल?” आम्ही फक्कीची रेघ पायाने पुसली आणि दार तिथेच रुंद केले.

भाडेपट्ट्याचा मसुदा तयार झाला की पाठव. किमतीच्या सूत्राचे कलम मी आधी वाचीन.

तुझा हितचिंतक